चिंबोरीचं बालपण कुणी पाहिलंय?

मंडळी, आज जरा खोल पाण्यात शिरायचा विचार आहे. अगदी शब्दशः.

आमच्या आयटीवाल्यांच्या छंदांचा एक ठरलेला प्रवास असतो. आधी डीएसएलआर. मग रविवारी पहाटे उठून कर्नाळ्याला पक्षी. मग लेन्स लांब होत जाते आणि बँक बॅलन्स आखूड. त्यानंतर कुणीतरी मालवणला स्कूबा करून येतो आणि कॅमेरा पाण्यात उतरतो. आणि आता या प्रवासाचं नवं स्टेशन आलंय : ब्लॅकवॉटर. रात्रीच्या अंधारात, किनाऱ्यापासून दूर, भर समुद्रात डाईव्ह मारायची आणि नखाएवढ्या प्राण्यांचे फोटो काढायचे. आमच्यातलाच एक जण फिलिपीन्सच्या अनिलाओला जाऊन हे करून आला. कँटीनमध्ये त्यानं लॅपटॉपवर फोटो दाखवले आणि खरंच सांगतो, चहा गार झाला. काचेचे मासे, काचेचे खेकडे, जेलीफिशवर स्वार झालेला इवलासा ऑक्टोपस. शेवटी कुणीतरी विचारलं, "आपल्याकडे असं काही नाही का रे?" त्यावर साहेब म्हणाले, "आपल्याकडे काय असणार? नुसता चिखल."

या वाक्याशी भांडायला ही पोस्ट आहे. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. या फोटोंमधले निम्मे प्राणी आपल्या ओळखीचे आहेत, फक्त मोठेपणी. आपण त्यांना बाजारात, कढईत आणि ताटात भेटतो. त्यांचं बालपण मात्र आपण पाहिलेलं नाही, आणि ते न पाहताच त्यांच्या भवितव्याचे निर्णय घेत बसलोय. तेव्हा हे वेड अनिलाओच्या सुट्टीपुरतं ठेवू नका, इकडे अरबी समुद्रात आणा. आणि आणाल तेव्हा ते बक्षिसाच्या फोटोसाठी नको, नोंदीसाठी आणा.

आधी हा प्रकार नेमका काय असतो ते बघू. नेहमीच्या नाईट डाईव्हमध्ये खाली प्रवाळ असतो, खडक असतो, हात टेकायला नाही तरी नजर टेकायला काहीतरी असतं. ब्लॅकवॉटरमध्ये खाली काहीच नसतं. म्हणजे शेकडो मीटर पाणी असतं, कधी हजारांवर. बोट इंजिन बंद करून प्रवाहाबरोबर सोडून देतात. बोटीखाली वजन लावलेली एक दोरी सोडतात, साधारण 15-20 मीटरपर्यंत, आणि तिच्यावर ठरावीक अंतरानं दिवे बांधलेले असतात. डायव्हर त्या दिव्यांच्या नजरेच्या टप्प्यात राहतो. दिवे दिसेनासे झाले की वर-खाली काय हेच कळत नाही. कॅमेऱ्याला मॅक्रो लेन्स, एक बारीक झोताचा टॉर्च, दोन फ्लॅश. समोरचा प्राणी एक-दोन सेंटिमीटरचा, पारदर्शक. तो हलतोय, तुम्ही हलताय, पाणीही हलतंय. शंभर फोटोंत दोन नीट आले तरी लोक खूश होतात म्हणे.

पण रात्रीच का? इथे खरी गंमत आहे. 1942 साली, दुसऱ्या महायुद्धात, कॅलिफोर्नियाजवळ पाणबुड्या शोधायच्या सोनारवर काम करणाऱ्या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञांना समुद्रात एक 'खोटा तळ' सापडला. काहीशे मीटर खोलीवरून आवाज परत येत होता, पण तिथे तळ नव्हता. वर कहर म्हणजे हा तळ संध्याकाळी वर यायचा आणि पहाटे खाली जायचा. आमच्या भाषेत सांगायचं तर रोज ठरलेल्या वेळी येणारा बग, म्हणजे हार्डवेअरचा दोष नव्हे, कुणीतरी लावून ठेवलेला क्रॉन जॉब. 1945 मध्ये मार्टिन जॉन्सन या जीवशास्त्रज्ञानं उलगडा केला की हा तळ नसून प्राण्यांचे थवे आहेत. दिवसा शिकाऱ्यांच्या नजरेपासून लपायला खोल अंधारात, रात्री जेवायला वर. वजनाचा हिशोब केला तर हे पृथ्वीवरचं सगळ्यात मोठं स्थलांतर आहे आणि ते रोज होतं. सेरेंगेटीतल्या हरणांवर इतक्या फिल्म निघाल्या, आणि हे बिचारे रोज अप-डाऊन करतात तरी त्यांच्याकडे कुणी बघत नाही. (पनवेल-सीएसएमटी करणाऱ्यांना हे दुःख कळेल.)

आता 'आपल्याकडे काय असणार' याबद्दल. या अप-डाऊनचं एक मोठं स्टेशन आपल्या दारात आहे. अरबी समुद्रात साधारण 150 मीटरपासून हजार मीटरपर्यंत पाण्यात प्राणवायू जेमतेम असतो. इतका मोठा आणि इतका दाट कमी-प्राणवायूचा पट्टा जगात फार थोड्या ठिकाणी आहे. आणि याच पट्ट्यात दिवस काढून रात्री वर येणारे मिक्टोफिड नावाचे, अंगावर दिवे असलेले छोटे मासे इथे प्रचंड संख्येनं आहेत. गेल्या शतकातल्या पाहण्यांतून त्यांचे अंदाज कोट्यवधी टनांत निघाले होते. नेमका आकडा किती यावर वाद होतील, पण 'आपल्याकडे काही नाही' असं म्हणायला तो समुद्र नक्कीच जागा ठेवत नाही.

बरं, हे झाले कायमचे रहिवासी. रात्रीच्या या गर्दीत दुसरा वर्ग असतो तो बाळांचा. किनाऱ्यावरच्या, खाडीतल्या, प्रवाळातल्या बहुतेक प्राण्यांची पिल्लं सुरुवातीचे दिवस उघड्या समुद्रात वाहत काढतात. आणि आता आपण ताटाकडे येऊ.

चिंबोरी घ्या. पनवेलच्या खाडीत तिवरांच्या मुळाशी बिळात राहणारी, अमावास्येला भरलेली असते म्हणून घासाघीस न करता घेतली जाणारी ती. अंडी घातलेली मादी खाडी सोडून समुद्राकडे जाते. तिथे अंड्यांतून जे बाहेर पडतं त्याला तुम्ही जन्मात चिंबोरी म्हणणार नाही. साधारण मिलिमीटरभर लांब, डोक्यावर शिंगासारखा काटा, अंगाच्या मानाने अवाढव्य डोळे, मागे वळवळती शेपटी. याला झोईया म्हणतात. पाच वेळा कात टाकून त्याची मेगॅलोपा होते, म्हणजे नांग्या आल्या पण शेपटी गेली नाही अशी मधलीच अवस्था, आणि ती भरतीबरोबर परत खाडीकडे येते. जन्मल्यापासून साधारण तीन आठवड्यांत हे सगळं. 1802 च्या सुमारास शास्त्रज्ञांनी झोईयाला वेगळाच प्राणी समजून वेगळं नावही देऊन टाकलं होतं. ते खेकड्याचंच पिल्लू आहे हे 1820 च्या दशकात आयर्लंडमध्ये जॉन वॉन थॉम्पसन या लष्करी डॉक्टरनं दाखवलं. हा माणूस फावल्या वेळात मलमलीचं जाळं पाण्यात ओढायचा आणि सापडलेलं बरणीत ठेवून बघत बसायचा. पगार डॉक्टरकीचा, वेड हे. वीकेंडवाल्या आपल्यासारख्यांचा हाच मूळपुरुष मानायला हरकत नाही.

वाम घ्या. तिची पिल्लं म्हणजे पारदर्शक पानं. चपटी, रिबिनीसारखी, एवढी पारदर्शक की मागचा मजकूर वाचता यावा. 18 व्या शतकात त्यांनाही लेप्टोसिफॅलस हे स्वतंत्र नाव मिळालं होतं, आणि 1890 च्या दशकात इटलीत टाकीतल्या टाकीत ते 'पान' गोल होऊन ईल झाल्यावर लोकांचे डोळे उघडले. शेवंड घ्या. तिचं पिल्लू कोळ्यासारखे लांब पाय असलेलं काचेचं चपटं पान असतं आणि महिनोन्‌महिने तरंगत राहतं. लेप घ्या. मोठेपणी एका कुशीवर पडून राहणारा, दोन्ही डोळे एकाच बाजूला असलेला हा मासा जन्मतो तो चारचौघांसारखा, दोन बाजूंना दोन डोळे घेऊन. मग एक डोळा हळूहळू डोक्यावरून पलीकडे सरकतो. हे सरकणं ब्लॅकवॉटरवाल्यांनी जिवंतपणी टिपलंय. हलव्याच्या कुळातल्या माशांची पिल्लं जेलीफिशच्या छत्रीखाली घर करतात. छत्रीवाल्याच्या नांग्या टाळून तिच्याच आसऱ्यानं राहायचं, म्हणजे मोठ्या शहरात पेइंग गेस्ट म्हणून राहण्यासारखंच.

म्हणून मी म्हटलं, यातले निम्मे ओळखीचे आहेत. कँटीनमध्ये 'एलियन' म्हणून जे कौतुक चाललं होतं ते एलियन नव्हतेच. मित्राच्या लॅपटॉपवर जे दिसत होतं त्याचे काकामामा आमच्या उरण नाक्यावर टोपलीत असतात.

पण एक शंका रास्त आहे. शास्त्रज्ञ गेली दीडशे वर्षं जाळी लावून हे सगळं गोळा करतायत, मग फोटोंची एवढी काय मिजास? उत्तर सोपं आहे. जाळ्यात येतं ते काय आणि कसं, हे बघा. या पिल्लांना लांबच लांब धाग्यांसारखे पर असतात, काहींचं तर आतडंच शरीराबाहेर लोंबत असतं. जेली जातीचे प्राणी तर नुसते पाणी आणि अब्रू. जाळं ओढलं की धागे तुटतात, जेलीचा लगदा होतो. मग फॉर्मालिनमध्ये रंग जातो. जे उरतं ते मोजता येतं, पण ते जगत कसं होतं हे कळत नाही. आमच्याकडे प्रोग्राम कोसळला की मेमरीचा कोअर डम्प मिळतो. त्यातून बरंच कळतं, पण चालू प्रोग्राम बघणं ही गोष्टच वेगळी. बरणीतला नमुना म्हणजे कोअर डम्प. रात्रीचा फोटो म्हणजे चालू प्रोसेस.

हे शास्त्रज्ञांनाही पटलेलं आहे. 1970 च्या दशकात विल्यम हॅमनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भर समुद्रात दोरीला बांधून घेऊन डाईव्ह करायची पद्धत बसवली आणि 1975 मध्ये ती लिहून प्रसिद्ध केली, ती याचसाठी : नाजूक प्राणी जागच्या जागी बघायचे. पुढे हवाईमधल्या कोना इथे हौशी लोक रात्री उतरू लागले. 2021 मध्ये स्मिथसोनियनच्या आय नोनाका, माशांच्या पिल्लांवर आयुष्य घालवलेले डेव्हिड जॉन्सन आणि कोनाचा फोटोग्राफर जेफ मिलिसेन अशांनी मिळून एक निबंध लिहिला. त्यांनी केलं असं की आधी प्राण्याचा जिवंत फोटो, मग तोच प्राणी अलगद बरणीत, मग प्रयोगशाळेत डीएनए. म्हणजे चेहरा आणि नाव पहिल्यांदाच एका फायलीत आलं. पिल्लं आणि मोठे यांची गाठ चुकणं ही किती मोठी भानगड असते याचं एक उदाहरण देतो. खोल समुद्रातल्या माशांची तीन वेगवेगळी कुळं पुस्तकांत अनेक दशकं नांदत होती. 2009 मध्ये याच जॉन्सन यांच्या गटानं सिद्ध केलं की एक कुळ म्हणजे पिल्लं, दुसरं म्हणजे नर आणि तिसरं म्हणजे माद्या. एकच कुटुंब, तीन रेशनकार्डं!

आता याचा आपल्याशी काय संबंध? थेट संबंध आहे, आणि तो पोटापाण्याचा आहे.

2023 मध्ये महाराष्ट्रानं पापलेटला राज्यमासा केलं. त्याच वर्षी 54 जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकार ठरवला, पापलेटला 135 मिलिमीटर. चांगलं पाऊल आहे, याबद्दल दुमत नाही. पण नियम मोजतो तो जाळ्यात आलेला मासा. तो 135 मिलिमीटरचा होण्याआधी कुठे होता, काय खात होता, कोणाच्या आडोशाला राहत होता, कुठल्या महिन्यात किती होता, याची गोष्ट सांगणारं चित्र सामान्य माणसापुढे कधी आलंय? राज्यपक्षी हरियालचं पिल्लू नेटवर शोधलं तर दिसतं. राज्यमाशाचं दोन सेंटिमीटरचं पिल्लू आपल्या समुद्रात पोहताना तुम्ही पाहिलंय? शोधून बघा आणि मला कळवा.

न पाहिलेल्या बालपणाची किंमत काय असते हेही आपण भोगलंय. मुंबईच्या किनाऱ्यावर चपट्या शेवंडीची चांगली मासेमारी होती. 1990 च्या दशकात ती कोसळली. ट्रॉलरच्या जाळ्यात अंड्यांवर आलेल्या माद्याही येत राहिल्या आणि एके दिवशी मासाच संपला. तेव्हा आकडे होते. दरवर्षी किती टन उतरली हे कागदावर होतं. पण टनांचे आकडे म्हणजे प्रॉडक्शनमध्ये सर्व्हर पडल्यावर आलेला अलर्ट. तोवर उशीर झालेला असतो. अलर्टच्या आधीचे लॉग हवेत, आणि समुद्रातले ते लॉग म्हणजे ही वाहणारी बाळं.

आमच्या पनवेलचंच बघा ना. गाढी आणि कासाडी नद्यांचं पाणी घेऊन ही खाडी बेलापूर-उलव्याच्या बाजूनं मुंबई बंदराच्या पाण्याला मिळते. तळोज्याच्या कारखान्यांनी कासाडीचं काय केलं ते लपलेलं नाही. विमानतळासाठी टेकडी फोडली, उलवे नदीचा प्रवाह वळवला, भराव घातला. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये उद्घाटन झालं आणि डिसेंबरपासून विमानं उडायला लागली. विमानतळ हवा होता की नको हा या पोस्टचा विषय नाही. पण समुद्रातून भरतीबरोबर परत येणाऱ्या मेगॅलोपाला जुना पत्ता सापडतोय का, हा प्रश्न तर विचारायला हवा? पर्यावरण अहवालांत प्लवकांचे तक्ते असतात, एका घनमीटरला इतके, अमुक गटाचे इतके टक्के. ते गरजेचेच आहेत. पण तक्त्यासाठी कुणी भांडत नाही. चेहऱ्यासाठी भांडतात.

हे मी हवेत बोलत नाहीये. 2017 पासून 'मरीन लाईफ ऑफ मुंबई'वाले ओहोटीला गिरगाव, हाजी अली, जुहूला लोकांना घेऊन जातात आणि खडकांवरचे प्राणी दाखवतात. मुंबईच्या पाण्यात प्लास्टिकशिवाय काही नाही असं मानणाऱ्या शहराला त्यांनी समुद्री गोगलगायी, ऑक्टोपस, प्रवाळ दाखवले, आणि प्रत्येक फोटो जागा-तारखेसकट आयनॅचरलिस्टवर नोंदवायची सवय लावली. 2020 मध्ये कोस्टल रोडसाठी हाजी अली-वरळीचे प्रवाळ हलवायची वेळ आली तेव्हा "मुंबईत कसले प्रवाळ?" असं विचारणाऱ्यांना दाखवायला फोटो होते. त्याच नोव्हेंबरात जुहूपासून देवगडपर्यंत रात्री लाटा निळ्या चमकल्या. तो नॉक्टिल्युका, मिलिमीटरपेक्षाही लहान एकपेशीय जीव. माझ्या फोनवर आलेल्या किती फोटोंवर गाव, तारीख, भरतीची वेळ होती? एकावरही नाही. नुसते 'वॉव'. उत्तर अरबी समुद्रात या जीवाचे थर का वाढतायत यावर मूळच्या गोव्याच्या हेल्गा गोम्स आणि जोकिम गोएस यांच्या गटानं 2014 मध्ये मोठा निबंध लिहिला आणि त्याचा धागा त्याच कमी-प्राणवायूच्या पाण्याशी जोडला. म्हणजे तो 'वॉव' हा कदाचित तब्येतीचा रिपोर्ट होता, आणि आपण तो स्टेटसला टाकून चोवीस तासांत घालवला.

आता मित्राच्या चिखलाकडे. त्याचं निम्मं बरोबर आहे. मुंबईसमोर समुद्रतळाची उथळ फळी सुमारे तीनशे किलोमीटर पसरलेली आहे. खऱ्या खोल पाण्यासाठी तेवढं जावं लागेल, आणि किनाऱ्याजवळ गाळ इतका की स्वतःचा हात दिसायची मारामार. पण महाराष्ट्र म्हणजे फक्त मुंबई बंदर नव्हे. विजयदुर्गपासून शंभर-एक किलोमीटरवर, या फळीच्या कडेला, आंग्रिया बँक नावाचं पाण्याखालचं पठार आहे, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं. त्यावर प्रवाळ आहेत आणि त्याच्या पश्चिमेला तळ झपाट्यानं खोल जातो. तारकर्लीला एमटीडीसीची स्कूबा शिकवणारी संस्था आहे. आणि ज्यांना पोस्टकार्डासारखं निळंशार पाणी हवंय त्यांच्यासाठी लक्षद्वीप, जिथे बेट संपलं की लगेच खोल समुद्र. मंगला लक्षद्वीप एक्स्प्रेस आपल्या पनवेललाच थांबते, एर्नाकुलमला उतरा, परवाना काढा, पुढे जहाज किंवा विमान. मनिला गाठण्यापेक्षा अवघड नाहीये.

पण एक अडचण मी गंभीरपणे घेतो, आणि ती तांत्रिक नाही. आपल्या किनाऱ्यावर रात्री समुद्रात दिवा सोडणं हे भांडणाचं कारण आहे. एलईडीच्या प्रखर झोतानं मासे गोळा करून पर्ससीन जाळ्यात ओढायचे, या प्रकारानं रापणकर आणि छोटे मच्छीमार मेटाकुटीला आले. 2017 मध्ये केंद्रानं अशा मासेमारीवर बंदी घातली, 2021 मध्ये राज्यानं कायदा कडक केला, तरी समुद्रात दिवे दिसतात आणि वाद पेटतात. अशा वेळी तुम्ही मालवणसमोर रात्री बोटीखाली दिव्यांची माळ सोडलीत तर कुणी विचारणारच, "काय चाललंय भाऊ?" आणि त्यानं विचारलंच पाहिजे. म्हणून हे काम मच्छीमारांना वगळून करायचं नाही. बोट त्यांची, तांडेल त्यांचा, परवानगी आधी, आणि फोटो आधी त्यांना दाखवायचे. कुठल्या महिन्यात पाणी कुठे 'जड' असतं, जवळा कधी वर येतो, हे त्यांना आपल्यापेक्षा शंभरपट जास्त माहीत. आणि दिवा तोच असला तरी हेतू वेगळा आहे हे बोलून नाही, वागून पटवावं लागतं. दिवे मंद, वेळ मर्यादित, काही पकडायचं नाही, काही हाताळायचं नाही. हवाईसारखे नमुने गोळा करणं हे परवाने असलेल्या शास्त्रज्ञांचं काम, आपलं काम फोटोपुरतं.

दुसरा आक्षेप धोक्याचा. मान्य, शंभर टक्के. खाली तळ नाही, वर बोट वाहतेय, डोळे दोन सेंटिमीटरच्या जीवावर खिळलेले. तरंगण्यावर पूर्ण ताबा नसलेल्यानं यात पडूच नये. दोन डाईव्हचं सर्टिफिकेट खिशात घालून निघालेल्यांनी तर हा परिच्छेद दोनदा वाचावा.

आणि ज्यांना पोहताही येत नाही त्यांचं काय? त्यांच्यासाठी थॉम्पसन डॉक्टरची पद्धत आहेच. स्क्रीन प्रिंटिंगवाल्याकडे बारीक जाळीचं कापड मिळतं. ते तारेच्या कड्यावर शिवा, टोकाला छोटी बाटली बांधा. परवानगी असलेल्या एखाद्या जेट्टीवर भरतीच्या वेळी, सोबत माणूस घेऊन, दहा मिनिटं पाण्यात धरा. बाटलीतलं पाणी काचेच्या बशीत ओता, खालून काळा कागद, बाजूनं टॉर्च, फोनला पंधरा-वीसपट मोठं दाखवणारी क्लिप लेन्स. फोटो झाले की पाणी परत समुद्रात. झोईया दिसायला अनिलाओला जावं लागत नाही, ती भेटायची शक्यता इथेही भरपूर आहे. चिखलातसुद्धा. खरं तर चिखल आहे म्हणूनच, कारण त्या गाळातल्या खाद्यावरच तर ही सगळी खाणावळ चालते.

एकच पथ्य पाळा. फोटोबरोबर चार गोष्टी लिहा : जागा, तारीख-वेळ, भरती की ओहोटी, आणि डाईव्ह असेल तर खोली. मेसेज न लिहिता कोड कमिट करणाऱ्याला आपण टीममध्ये काय काय बोलतो ते आठवा. नोंद नसलेला फोटो म्हणजे तसलंच कमिट. सुंदर असेल, पण सहा महिन्यांनी कुणाच्या उपयोगाचं नाही. उलट फोकस थोडा हुकलेला पण तारीख-जागा असलेला फोटो दहा वर्षांनी सोन्याच्या मोलाचा ठरू शकतो. तो कुणाला, कशासाठी लागेल हे आज ठरवायची गरजच नाही. लॉग आपण असेच ठेवतो ना?

मित्राला मी हे सगळं सांगितलं. तो म्हणाला, "पण इथल्या फोटोला लाईक कोण देणार?" बरोबर आहे बाबा. अनिलाओच्या काचेच्या ऑक्टोपसला हजार लाईक येतील. पनवेलच्या खाडीच्या तोंडाशी मिळालेल्या, थोड्या धूसर, शेपटी न गेलेल्या एका मेगॅलोपाला सात येतील. पण ती सात माणसं पुढच्या वेळी चिंबोरी घेताना तिच्या पोटाखालचा अंड्यांचा पुंजका बघतील आणि कदाचित म्हणतील, "मावशी, ही नको, ही जाऊ दे." एवढं झालं तरी त्या फोटोचं काम झालं.

असो. जाळीचं कापड कुणाला मिळालं तर दुकान कळवा, पुढच्या अमावास्येच्या भरतीला अजून वेळ आहे.